सासूबाईंचा लाल पटका

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही – आणि पटका तर त्यांच्याच वडिलांचा होता.

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत कुणाकडे गोधडी शिवायची म्हटली की दुपारी सगळ्या बायका जमायच्या. एक रीत होती – जिचं कापड थरात जाईल, तिनं त्या कापडाची गोष्ट सांगायची. आणि गोष्टी कसल्या? सगळ्या प्रेमाच्या! साठीच्या शकीलाचाची लाजत लाजत सांगायच्या नि आम्ही तरण्या सुना तोंडाला पदर लावून हसायचो. कुणी टाळाटाळ केली की चाचींचा हुकूम सुटायचा, "कपडा तेरा, तो बात भी तेरीच. बोल!"

माझ्या पहिल्या बाळंतपणाआधी सासूबाईंनी बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. मला म्हणाल्या, "पेटीतला ह्यांचा लाल पटका आण गं. मधी घालू."

पेटी उघडली आणि आठवलं. दिवाळीच्या आवराआवरीत तो विटका पटका मीच बोहारणीला दिला होता – चार जुन्या लुगड्यांबरोबर, एका स्टीलच्या पातेल्यासाठी. कुणाला विचारलं होतं? नाही. नव्या सुनेला हुशारी दाखवायची होती ना!

बाहेर बायका खोळंबलेल्या. माझा एक जुना लाल परकर होता. तो फाडला, घडी केली, नेऊन दिला. सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांनी ते कापड गालाला लावलं आणि म्हणाल्या, "अजून त्यांचाच वास येतो, बघ."

मग गोष्ट. पोलीस ॲक्शननंतरची वर्ष-दोन वर्षं, लग्न नवं. गंगापूरहून येताना मोटारीत सासूबाईंना उलटी झाली. पुढच्याच बाकावर त्यांचे सासरे बसलेले. तेव्हा चारचौघांत बायकोकडे बघायचीसुद्धा चोरी – आणि या माणसानं वडिलांसमोर डोक्याचा पटका सोडला नि बायकोचं तोंड पुसलं. "लई शरम वाटली," सासूबाई म्हणाल्या, "पण त्या दिसापासून मी त्यांचीच झाले." चाचींनी डोळे टिपले. मी मान खाली घालून टाके घालत राहिले – माझ्याच परकरावर.

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. सासूबाई रडल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी मलाच जवळ घेऊन बसल्या असत्या. फार माया होती त्यांची माझ्यावर. हे मला पक्कं ठाऊक होतं – तरी मी गप्प बसले. मला त्यांची शहाणी सून म्हणून राहायचं होतं.

पुढं कितीतरी वर्षं त्या नातीला मांडीवर घेऊन, गोधडीवरून हात फिरवत तीच गोष्ट सांगायच्या. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायची.

सासूबाई गेल्या. लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं माहेरचं दुसरं काही मागितलं नाही, ती गोधडी तेवढी मागितली. बांधाबांध करताना म्हणाली, "आई, आजोबांचा पटका नेमका कुठं आहे गं यात?"

घरात आम्ही दोघीच होतो. मी तिचा हात धरला, गोधडीच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "इथं."