डोमाजीच्या पेट्यांतला एक दगड

मारेगावच्या बाहेर, तुरीच्या वावरांपलीकडे एक पत्र्याचं शेड आहे. अकरा वर्षांपूर्वी सर्वेवाल्यांनी तिथं जमिनीत खोल भोक पाडलं. आतून निघालेले गोल, लांबट दगड पेट्यांत ओळीनं मांडले आणि राखायला डोमाजीला बसवलं. "दोन महिन्यांत नेतो," म्हणून गेले, ते गेलेच. डोमाजीची बायको वारली, पोरगी पुसदला नांदायला गेली, तरी हा रोज पेट्या पुसायचा.

मी शेजारची; भाकर घेऊन गेले की दगड दाखवायचा. वर काळा, मग चुन्याचा, तळाशी चकचकीत, पापुद्र्यांचा.

"वहिनी, हा पहिले चिखल होता. धरतीनं दाबला, शेकला. घडीच्या पोळीवानी थर झाले."

"मंग तूप लावून खा ना, भाऊजी!"

हसायचा. एवढ्या दोन वाक्यांसाठी त्यानं दिवसभर वाट पाहिलेली असायची.

आता माझं पाप सांगते. माझा बत्ता फुटला होता. डोमाजी पाण्याला गेला तेव्हा मी चकचकीत दगडांतला एक पदराखाली घातला. जागा दिसू नये म्हणून बाकीचे सरकवले. तिसऱ्या दिवशी सून विचारते, "आत्याबाई, ठेच्यात चमकी कायले टाकली?"

दगड घासून पोत्याखाली ठेवला. आणि तेव्हाच निरोप आला, उद्या सर्वेच्या मॅडम पेट्या न्यायला येणार.

डोमाजी धावत आला. "वहिनी, एक दगड कमी हाये! अकरा वर्षांत हालू देला नाही मी."

मी पोत्याखालून काढून दिला. वरची बाजू दाखवणारा लाल बाण घासून गेला होता. पेटी कोणती, मलाच आठवेना. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो दगड घेऊन शेडकडे निघाला, मी मागं.

डोमाजी सांगायचा, जमिनीत थरांची घडी पडलेली, म्हणून तळाशी चकचकीत पट्टा दोनदा येतो. वरच्या पट्ट्यात पापुद्रे आडवे, खालच्यात तिरपे. डोमाजीनं बोट फिरवलं. आपला दगड तिरपा. मग खालच्या पेट्यांत एकेक तुकडा काढून जोडून पाहिला. दिवस कलताना एका ठिकाणी तडा तड्यात बसला. "पाणी द्या," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा मॅडम भिंग लावून पाहत गेल्या. "हा शिस्ट, हा पापुद्र्यांचा दगड, धुतलेला दिसतो. बाण कुठं गेला?"

मी तोंड उघडलं, तोवर डोमाजी म्हणाला, "माह्याच हातानं घासला गेला, मॅडम."

त्यांनी पापुद्रे पाहिले, जोड पाहिला. "जागा मात्र बरोबर आहे," म्हणून नवा बाण काढला. दुपारी सगळ्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या.

सकाळी भाकर घेऊन गेले. डोमाजीनं रिकामं शेड झाडलं होतं. पेट्यांच्या जागी जमिनीवर गंजाच्या लांब रेघा उरल्या होत्या. तो त्यांच्यापाशी उकिडवा बसलेला.

"इथं काळा होता, वहिनी. इथं चुन्याचा."

मी भाकरीचं फडकं सोडलं, बाजूला बसले.

"आन् तो चकचकीत कुठं होता, भाऊजी?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.