जावयासाठी उजेड

८ जानेवारी २००८, मंगळवार, अमावास्या. जनरेटर आणि दोन हॅलोजनचं भाडं तीनशे रुपये ठरलं. हजर होते माझे सासरे आणि गावातला जनरेटरवाला. मी नव्हतो, आणि घोळ तिथेच झाला.

मृग नक्षत्रात तीन ठळक ताऱ्यांच्या खाली एक पुसट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ. त्याचा फोटो काढायचा म्हणून मी तीन हिवाळे वाया घालवले होते. आमच्या फुलचूरला गोंदियाचा उजेड आभाळात चढतो, तिथे काही जमत नाही. म्हणून सासुरवाडी, कामठा. रात्री साडेआठ ते अकरा लोडशेडिंग. दोन-दोन मिनिटांचे चाळीस फोटो घ्यायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, असा हिशेब होता. कॅमेऱ्याखाली दोन फळ्या आणि बिजागरी. तारे सरकतील तसा स्क्रू हाताने फिरवायचा.

डिसेंबरातही मी तिथल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, एकटा बसलो होतो. कुणीतरी पाहिलं आणि गावभर झालं, की जावयाला घरात घेतलं नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

साडेआठला लाइट गेली. आभाळ असं उघडलं की बघत राहावं. तिसरा फोटो चालू असताना धडधड सुरू झाली आणि सगळी बांधी पांढरी झाली. बांधावर सासरे उभे होते, मागे बायको.

"मामाजी, बंद करा! मला अंधारच पाहिजे."

"अंधार पायजे मंते! काऊन जी, लोकाईनं मले अजून हासावं का?"

बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबांनी हौसेनं आणलंय. एक दिवस राहू द्या ना." माझ्या हिशेबात तो एकच दिवस होता. पुढच्या अमावास्येला लोडशेडिंगची वेळ हीच राहील याची खात्री कोण देणार?

सासरे जेवायला गेले तसा मी जनरेटरवाल्याला बाजूला घेतलं आणि शंभराची नोट दिली. "डिझेल संपलं म्हण."

"साब, लोग अंधेरा हटाने का पैसा देते हैं," तो हसला, पण मशीन बंद केली.

पुन्हा तारे. पाच फोटो झाले. सहाव्याला बांधावरून टॉर्च हलत आली. सासरे होते. शेजाऱ्याच्या पाण्याच्या इंजिनातून डिझेल काढून, कॅन हातात धरून, धापा टाकत.

"घ्या जावईबापू! आता सकाळवरी नाही बुजत."

त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून मी स्क्रूवरचा हात काढला.

धड फोटो सात. त्यांतून उमटला तो तांदळाच्या कणीएवढा गुलाबी डाग.

शेवटी जनरेटरवाल्याला मिळाले चारशे: सासऱ्यांकडून तीनशे उजेडाचे, माझ्याकडून शंभर अंधाराचे.