'या' म्हणायचं राहिलं होतं

मी कपिलधारला दर्शनाला गेले नव्हते, भांडायला गेले होते. हे आधीच सांगते, म्हणजे मला कुणी भाविक वगैरे म्हणायला नको. माझ्या मालकांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि तेवढे दिवस मी देवापुढं दिवा लावला नव्हता. त्याला तोंडावर सांगायचं होतं की आता मी जाते. आपल्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात, आणि घरात राहणाऱ्यानं 'या' म्हणायचं असतं. मला मुद्दाम 'जाते' म्हणायचं होतं.

मालक साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळत्या रसात साखरेचा दाणा कधी धरला, हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन अंगठ्यानं ओळखायचे. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्यात त्यांची निम्मी उमर गेली. मग सलग दुष्काळ पडला, ऊस जागेवर वाळला, भोंगा बंद झाला. संचालकांच्या गाड्यांची धूळ मात्र बंद झाली नाही. मालक सुदानला गेले, मग केनिया, इंडोनेशिया, फिजी. त्यांच्या शोकसभेत एक संचालक म्हणाला, "यांनी तालुक्याचं नाव साता समुद्रापार नेलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव न्यायला गेले होते होय ते? तुम्ही कारखाना झोपवला म्हणून गेले. आता हार घेऊन आलात, लाजा नाहीत.

आणि गेले तरी त्यांनी घर काही सोडलं नाही. मनगटावरचं घड्याळ कायम आमच्या गावच्या, चकलांब्याच्या वेळेवर. लेकीचे पाढे फोनवर म्हणून घ्यायचे. टँकरच्या दिवशी फिजीवरून फोन यायचा, "आला का टँकर? पिंप धुतलंस का आधी?" सुट्टीवर आले की बायकांच्या रांगेत हंडा घेऊन स्वतः उभे राहायचे. लोक बायकोचा गडी म्हणून चिडवायचे आणि हे खुशाल हसायचे. असल्या माणसाला परक्या मुलखात, कारखान्याच्या फरशीवर, छातीत कळ येऊन मरण द्यायचं? आठ दिवसांनी पेटी आली. ती उघडू नका म्हणाले. आम्ही तशीच माती दिली.

पण माझा खरा राग माझ्यावर होता, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. हा शेवटचा सीझन म्हणून त्यांनी लेकीला शब्द दिला होता आणि पुन्हा करारावर सही करून मोकळे झाले. निघायच्या सकाळी बॅग घेऊन दारात उभे राहिले. "येतो," म्हणाले. मी भांडी आपटत होते. "येतो गं," पुन्हा म्हणाले. मी 'या' म्हटलं नाही. सव्वा वर्ष तो एक शब्द घशात अडकून होता. मी 'या' म्हटलं नाही म्हणून ते आले नाहीत, असं मला वाटायचं. कुणी वेडी म्हणा.

कपिलधारला धबधब्याच्या जागी नुसता काळा खडक होता. देवापुढं उभी राहून मी जे बोलायचं ते बोलले, चांगलं ओठ हलवून बोलले. पुजारी बघत राहिला. घसा कोरडा पडला तशी पायऱ्या उतरून नळाकडं आले, तर नळही कोरडा. शेजारी एक मिस्त्री पाण्याची मोटार उघडून बसला होता. "बसा ताई, आत्ता चालू व्हईल," म्हणाला. युसूफवडगाव या गावचा होता, मुसलमान, दाढी अर्धी पांढरी. अर्ध्या तासानं नळाला पाणी आलं. त्यानं पहिल्यांदा माझी बाटली भरून दिली, मग पाने-पकडी पिशवीत भरल्या.

"येतो ताई," म्हणाला. मी मान हलवली. तो जाईना.

"या म्हना की," तो म्हणाला. "त्याबिगर पाय उचलायचा न्हाई, सवय लागलीय. आफ्रिकेत कारखान्यावर व्हतो तवा एका पॅनमन काकानं लावली. चकलांब्याचे. लई घरवेडा मानूस. मी म्हनलं, काका, तुमची घरवाली म्हनती का या? तर म्हनले, रागात असली की न्हाई म्हनत. पन मी वळलो की दाराआडून बघती. मी कोपऱ्यावर जाईस्तोवर तिथंच असती. तेच तिचं या."

मी पायरीवर बसले. दाराआड मी उभी असायचे. त्या सकाळीही होते, फटीतून त्यांची पाठ कोपऱ्यावर वळेपर्यंत. हे मी माझ्या लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही.

"वळखता व्हय त्यांना? कसे हाईत काका?" त्यानं विचारलं.

"माझे मालक होते ते," मी म्हणाले.

'होते' त्याला कळलं. त्यानं पिशवी खाली ठेवली. मी रडले, पोटभर रडले. मग तोंड धुतलं.

"येतो, भाभी," तो हळू म्हणाला.

"या," मी म्हणाले. तो गेल्यावर पुन्हा एकदा म्हणाले, मोठ्यानं.

त्या मिस्त्रीला तिथं कुणी आणलं, मला ठाऊक नाही. मोटार जळली म्हणून आला, एवढंच मी सांगू शकते. माझा राग गेलेला नाही. कारखाना आजही बंद आहे, टँकरची रांग आहे, आणि ते संचालक दिसले की मी आजही तोंड फिरवते. पण शरण जायला राग घरी ठेवून यावा लागत नाही, हे मला त्या पायरीवर कळलं. घरी येऊन दिवा लावला.

त्या दिवशी कपिलधारहून निघताना देवळाकडं तोंड करून 'जाते' म्हणायला गेले आणि तोंडातून 'येते' निघालं. आतून कुणी 'या' म्हटलं नाही. असेल दाराआड.