वर्षभरात एकही नाही

लकव्याच्या वॉर्डात तिला सगळे चमचामावशी म्हणायचे. वॉर्डबॉय चिडवायचे, "आली बरं का डॉक्टरीणबाईंची चमची!" ती म्हणायची, "असू दे मेल्यांनो. आडवे पडाल तेव्हा हीच चमची लागेल तुम्हाला."

काम दिसायला एवढंसं. लकव्याचा माणूस आला की त्याला नीट उठवून बसवायचं, चमचाभर पाणी पाजायचं आणि बघायचं. ठसका लागला किंवा आवाज घोगरा झाला, तर तोंडाने काही द्यायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. अशा माणसाचा घास पोटाऐवजी फुप्फुसात उतरतो, ताप भरतो आणि माणूस हातचा जातो. मोठमोठ्या पुस्तकांत हे केव्हाच सिद्ध झालं होतं म्हणे. पण पुस्तकं काही चालत खाटेपाशी येत नाहीत. त्यासाठीच इस्पितळाच्या मागे, दोन खोल्यांत एक संशोधन केंद्र निघालं होतं, बाहेरच्या एका मोठ्या संस्थेच्या पैशावर. डॉक्टरीणबाई ते चालवायच्या. मावशीला त्यांनीच शिकवलं.

शिकली त्या दिवशी मावशी घरी जाऊन जेवली नाही. काही वर्षांमागे तिचा नवरा लकव्याने पडला होता, तेव्हा तिनेच त्याचं डोकं मांडीवर घेऊन दूध-बिस्कीट भरवलं होतं. ठसके लागायचे, ही छाती चोळायची आणि पुन्हा भरवायची. "खा हो, अंगात जीव येईल." आठवड्याभरात गेला बिचारा. लोक म्हणाले, बाईने सेवा फार केली.

तेव्हापासून ती नातेवाइकांच्या हात धुऊन मागे लागायची. "काकू, वाटी खाली ठेवा. माया मागाहून करा, आधी बसवा त्यांना." कुणी तोंड वाकडं केलं तरी ही हलायची नाही.

मग एकदा पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब पाहणीला आले. माणूस सभ्य, हळू बोलणारा. त्यांनी मावशीलाच विचारलं, "घास फुप्फुसात जाऊन अजून दगावतात का हो माणसं?"

मावशीची छाती फुगली. "छे हो साहेब! वर्षभरात एकही नाही."

साहेब खूश होऊन गेले. काही महिन्यांनी निरोप आला: इथलं काम उत्तम पार पडलं, आता पैसा दुसऱ्या दुखण्याकडे वळवतो.

मावशीने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "बाई, माझ्या तोंडाने घात केला."

"वेडी आहेस का? खोटं सांगायचं होतंस? मीही तेच लिहून दिलं होतं."

"पण आपण होतो म्हणून एकही नाही ना!"

"सांगितलं गं. सांगून सांगून घसा बसला. म्हणतात, आता नर्स करतील."

"नर्स? त्या पोरींना स्वतःला पाणी प्यायला फुरसत नाही!"

केंद्राला कुलूप लागलं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी गेल्या. मावशीला धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालायला बसवलं. नर्सनी काही दिवस पाणी पाजून पाहिलं. मग कधी खाटा वाढल्या, कधी माणसं कमी पडली, आणि ते राहूनच गेलं. मावशी जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात डोकवायची, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, नका येऊ. काही बरंवाईट झालं तर बोल मला लागेल." त्यांचंही काही चूक नव्हतं म्हणा.

एका दुपारी मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन वॉर्डाशी आली. कोपऱ्यातली खाट रिकामी होती. बाहेर बाकड्यावर एक तरुण मुलगी रिकामी वाटी धरून बसली होती.

"बाबा गेले हो मावशी," ती म्हणाली. "परवा तर मी भरवलं. ठसके लागत होते मधेमधे, पण सगळी वाटी संपवली. मला वाटलं, आता बरे होतील." मग एकदम हात धरून म्हणाली, "जेवले ना हो ते नीट? उपाशी नाही ना गेले?"

 मावशीने गठ्ठा खाली ठेवला आणि मुलीला जवळ ओढलं.

"नाही गं बाळा. लेकीच्या हातचं पोटभर जेवून गेले."

मुलगी तिच्या खांद्यावर हमसून हमसून रडली. आतून सिस्टरनी हाक मारली. लकव्याचा नवा पेशंट आला होता आणि खाटेवर चादर नव्हती.