पूलमामा आणि कठड्याचा दगड

आमचे सासरे पाहुण्याला चहापाणी होण्याआधी पूल दाखवायला न्यायचे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मीही सुटलो नाही. पोहे तयार होते, मुलगी अजून बाहेर यायची होती आणि हे चपला घालून म्हणाले, "चला, खामवरचा पूल बघून येऊ. पोहे कुठं पळून जात नाहीत." परत येईपर्यंत पोहे दगड झाले होते. लग्न मात्र ठरलं. गल्ली त्यांना पूलमामा म्हणायची. माझे ते रीतसर मामा झाले.

खाम नदीवर शहराच्या जुन्या दरवाजांसमोर बादशाही काळातले दगडी पूल आणखीही आहेत. मामांच्या लेखी पूल तो एकच, घराजवळचा. बाकीच्या नुसत्या सोयी. जन्मभर कारकुनी केली, पण तिच्याबद्दल कधी चार वाक्यं बोलले नाहीत. पुलावर मात्र तासभर. कमानीखाली उभं करून सांगायचे, "हे दगड एकमेकाला रेटतेत, म्हणून कोणीच पडत नाय. आमच्या भाऊबंदकीसारखं." खांबांची प्रवाहाकडची टोकं नावेसारखी निमुळती आहेत. त्यांवर थाप मारून म्हणायचे, "पूर आला की हे त्याला मधून फाडतंय. वाटण्या करून देतंय निम्म्या-निम्म्या." भाऊबंदकीत त्यांनी बरंच सोसलं असावं.

मला आकडे तपासायची सवय आहे. खांबाची जाडी दहा हात, असं ते सांगत. मी एकदा टेप लावली. निम्मीही भरली नाही. मामा जराही हलले नाहीत. "तुमची टेप नवीन आहे, जावईबापू. पूल जुना आहे."

एका वर्षी संक्रांतीच्या तोंडावर एक टिप्पर मागे घेताना कठड्याला धडकला आणि कठड्याचा एक दगड सुटून खाली गाळात पडला. दुरुस्तीला ठेकेदार नेमला गेला. त्याचा मुकादम म्हणाला, खिंडार सिमेंटने बुजवू आणि त्याच हाताने सगळ्या कठड्यालाच गिलावा करून टाकू. मामांचं जेवण सुटलं. "एकदा सिमेंट फासलं की पुलात अन् बसस्टँडच्या भिंतीत फरक काय राहिला?" दोन दिवस मुकादमाच्या मागे फिरून त्यांनी कबुली मिळवली: संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोच दगड चुन्यात पक्का बसलेला दिसला, तर कठड्याला कोणी हात लावणार नाही.

जुन्या चुन्यात गूळ, उडीद आणि बेलफळ असायचं, हे मामांनी शेकडो पाहुण्यांना सांगितलं होतं. किती असायचं, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं.

"अंदाजानं," मामा म्हणाले.

"कशाच्या अंदाजानं?"

आतून मामी म्हणाल्या, "पुरणाच्या असंल."

मामींनी टोमणा मारला होता. मामांनी ते प्रमाण धरलं. गूळपोळ्यांसाठी आणलेल्या गुळाच्या सगळ्या भेल्या चुन्यात गेल्या, उडदाची डाळ मिक्सरवर वाटली गेली आणि मिक्सरचं ते भांडं पुन्हा कधी स्वयंपाकात आलं नाही. संक्रांतीच्या दुपारी आम्ही सहा जणांनी दगड वर चढवला. लांबी, रुंदी, उंचीवरून मी हिशेब केला तर वजन शंभर किलोच्या आसपास येत होतं. मामांनी संध्याकाळपर्यंत ते पाच क्विंटलवर नेलं आणि रात्री पोटभर जेवले. पोळी त्या वर्षी साधीच होती.

सकाळी आम्ही गेलो तर सांध्यावर मुंग्यांची काळी रेघ होती. एक बकरी पुढचे पाय कठड्यावर टाकून निवांत चाटत होती. मामा रुमालाने तिला हाकलत असतानाच मुकादम आला. त्याने सांध्यात बोट घातलं. बोट पेरभर आत गेलं.

"मामू, ये चुना है के गूळपोळी का मसाला?"

"वाळायला वेळ लागतो," मामा म्हणाले. "बादशाही काम आहे."

"बादशाह कू टैम था, मामू. मेरेकू परसों काम खतम करना है."

मामांनी दगडावर तळहात ठेवला. दगड डुगडुगला. मागे मजूर गिलाव्याचा माल कालवत होते. मामांनी हात काढला नाही.

मुकादमाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बकरीकडे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "इत्तेच पत्थर कू पीछे से सिमेंट भरता, सामने से चुना. बाकी कठडे कू हात नै लगाता. चलता क्या?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"आतलं कोणाला दिसणार नाही, मामा," मी म्हणालो.

"पुलाला कळंल की."

त्यांनी दगडावरचा हात काढला. शेवटी म्हणाले, "घाला. पण माझ्या पाठीमागं घाला." आणि त्यांनी नदीकडे तोंड केलं. थापी वाजायची थांबली, मुकादम "हो गया, मामू" म्हणाला, तेव्हाच ते वळले. बाकीचा कठडा जसा होता तसा राहिला. त्यानंतरही मामा पाहुण्यांना पूल दाखवत, पण त्या जागेवरून थोडे भराभर जात.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. आता सासरी कोणी आलं की मामी माझ्याकडे बघतात आणि मी चपला घालतो. मापं मी खरी सांगतो, त्यामुळे पाहुण्यांना पूल थोडा लहान वाटत असावा. गेल्या महिन्यात बिडकीनचे साडू आले होते. चालता चालता त्यांनी नेमका त्याच दगडावर हात ठेवला.

"हा पण बादशाही काळातलाच का हो?"

"दगड त्याच काळातला आहे," मी म्हणालो. ते खरंच आहे. सांध्याचं त्यांनी विचारलं नाही.