दिव्याचं बटण

मध्यस्थी केंद्रात भांडण घेऊन आलेली माणसं खुर्चीत नीट टेकायच्या आधीच समोरच्याची चौकशी करतात. तुम्ही वकील का? जज होतात का? त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपला मोडत आलेला संसार कोणाच्या हाती द्यायचा, हे माणूस बघणारच. जबलपूरच्या त्या केंद्रात बहुतेक मध्यस्थ वकील होते. एक निवृत्त न्यायाधीश होते, मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते नवरा-बायकोला कर्जदार आणि जामीनदार असल्यासारखे समजावत, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा त्यांचं जमूनही जाई.

इंदूताई रामटेक्यांना कोणी विचारलं की त्या सरळ सांगत, "मी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होते. सगळी नोकरी तिथंच झाली."

यावर नवरा-बायको चमकून एकमेकांकडे बघत. भांडायला लागल्यापासून ते बहुधा पहिल्यांदाच एकमेकांकडे बघत असतील, असं केंद्रातलेच एक मध्यस्थ, डबीर वकील, म्हणायचे.

इंदूताई जबलपूरच्याच, कांचघर भागातल्या. वडील नागपूरकडून इथं फॅक्टरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. बाई ठेंगण्या, केस पांढरे, साडी नेहमी कडक इस्त्रीची. मनात आलेलं चेहऱ्यावर उमटायला त्यांना क्षणही लागत नसे आणि हात एका जागी राहत नसत. निवृत्तीनंतर न्यायालयानं वकिलीबाहेरच्या लोकांनाही मध्यस्थीचं शिक्षण द्यायला घेतलं, तेव्हा त्यांनी नाव दिलं. शिक्षणाच्या वर्गात एका तरुण वकिलानं चेष्टा केली होती, "मॅडम, इथले पक्षकार बहिरे नसतात." इंदूताई हसून म्हणाल्या होत्या, "बघू."

शाळेच्या सवयी मात्र त्यांच्याबरोबर केंद्रात आल्या. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा म्हणून त्या खुर्च्या खिडकीकडे वळवून ठेवत. कोणी तोंडावर हात धरून बोललं की हात खाली घ्यायला सांगत. शाळेत एका वेळी एकानंच बोलायचं असे, कारण डोळ्यांनी ऐकणारं पोर दोन तोंडांकडे एकदम बघू शकत नाही. आणि गलका झाला की हाका मारून उपयोग नसे. मग एक तर दिव्याचं बटण बंद-चालू करायचं, नाही तर पाय जोरात आपटायचा. फळ्यांच्या जमिनीतून हादरा पोरांच्या तळव्यांना पोचे आणि सगळी वळून बघत.

हा पायच त्यांना पहिल्या महिन्यात नडला. एका प्रकरणात दोन्हीकडची माणसं एकदम बोलायला लागली आणि इंदूताईंनी भान न राहून धाडकन पाय आपटला. नवऱ्याच्या काकांना तो त्यांच्या घराण्याचा अपमान वाटला. ते उठले, त्यांच्यामागे पुतण्या उठला, आणि प्रकरण आलं तसं कोर्टात परत गेलं. घरी नारायणरावांनी, म्हणजे इंदूताईंच्या यजमानांनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून पायात पैंजण घालून जा. लोकांना वाटेल नाच चालू आहे." इंदूताई हसल्या, पण त्या जोडप्याचं प्रकरण त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढच्या प्रकरणात केंद्रानं त्यांच्या जोडीला हेमचंद्र डबीर वकिलांना बसवलं.

ते पुढचं प्रकरण यशोधन आणि अवंतिका परचुऱ्यांचं. तो वीज कंपनीत अभियंता, ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी. दोघं शिकलेली, सभ्य, आणि एकमेकांना पुरती कंटाळलेली. घटस्फोट दोघांनाही हवा होता. अडलं होतं ते पाचवीतल्या समृद्धीपाशी. मुलगी दोघांनाही हवी होती, आणि पूर्ण हवी होती. मध्यस्थीत काही ठरलं नाही तर पुढच्या तारखेला न्यायाधीश समृद्धीलाच आत बोलावून विचारणार होते, तुला कोणाजवळ राहायचं आहे?

डबीर म्हणाले, "कायद्यानं ते ठीकच आहे. साहेब प्रेमानं विचारतात, चॉकलेट देतात."

"आणि ती जे नाव घेईल ते तिला जन्मभर आठवेल," इंदूताई म्हणाल्या. "जे नाही घेणार तेही."

डबीरांनी चष्मा पुसला. त्यांनाही मुली होत्या. तारखेच्या आत काही करायला हवं, एवढं दोघांचं न बोलता ठरलं.

पहिल्या बैठकीच्या दिवशी इंदूताई दारातून आत जाणार तेवढ्यात त्यांना व्हरांड्यातलं दृश्य दिसलं आणि त्या थांबल्या. एका टोकाच्या बाकावर यशोधन बसला होता, दुसऱ्या टोकाला अवंतिका. दोघं अजून एकाच घरात, दोन खोल्यांत राहत होती. मुलीला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तिला घेऊन आली होती. अवंतिका समृद्धीच्या कानाशी काही बोलली. मुलगी व्हरांडा ओलांडून बापाकडे गेली. "पप्पा, मम्मी विचारून राहिली की गाडीची चाबी तुमच्याकडे आहे का." बापानं चावी दिली आणि काही सांगितलं. ती परत आली. पुन्हा गेली. तिची दोन्ही टोकांवरची हसण्याची पद्धत अगदी सारखी होती, आणि मधे चालताना चेहरा कोरा असे.

असा चेहरा इंदूताईंनी पूर्वी पाहिला होता. शाळेत एका विद्यार्थ्याची मोठी बहीण यायची, क्षमा नावाची. तिचे आईवडील दोघंही बहिरे, तिला तेवढं ऐकू येई. पालकसभेत मुख्याध्यापक बोलत ते ती हातांच्या खुणांनी आईवडिलांना सांगे आणि त्यांच्या खुणा बोलून मुख्याध्यापकांना. इंदूताईंना खुणा येत होत्या म्हणून त्यांच्या लक्षात आलं, की बाप रागानं काही म्हणे आणि क्षमा मुख्याध्यापकांना सांगे, "पिताजी आपले आभार मानून राहिले." मोठ्यांचं भांडण होऊ नये म्हणून ते एवढंसं पोर दोन्हीकडचे काटे स्वतःच गिळत होतं. इतर मुलं मैदानात खेळत तेव्हा ती मोठ्यांच्या तोंडांकडे बघत उभी असे.

क्षमाच्या आईबापांना ऐकू येत नव्हतं. या दोघांना येत होतं.

बैठक सुरू झाली आणि अर्ध्या वाटेवरच बिघडली. यशोधन म्हणाला, हिला कॉलेजातून यायला संध्याकाळ होते. अवंतिका म्हणाली, हा दौऱ्यावर जातो तेव्हा पोरगी काय शेजाऱ्यांनी सांभाळायची? मग दोघं एकदम बोलायला लागली, एकमेकांच्या आवाजावर चढून, मराठीतून हिंदीत. इंदूताईंचा पाय उचलला गेला होता. त्यांनी तो मोठ्या निग्रहानं खाली ठेवला, उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि दिवा बंद केला. पुन्हा लावला.

दोघं गप्प झाली.

"बिजली गेली का?" यशोधननं विचारलं. वीज कंपनीचा माणूस, त्याला पहिलं तेच सुचलं.

"नाही, मी बंद केली. आमच्या शाळेत असंच करत होतो," इंदूताई जागेवर येत म्हणाल्या. "आता एक नियम. समोरचं माणूस काय म्हणालं ते आधी तुम्ही सांगायचं. ते बरोबर आहे असं त्यानं म्हटलं, की मग आपलं उत्तर द्यायचं."

"ही शाळा आहे का मॅडम?"

"तसंच समजा," डबीर म्हणाले. "मीही पहिल्या बाकावर बसलो आहे."

त्या दिवशी फार काही निष्पन्न झालं नाही. दुसऱ्याचं बोलणं सांगताना दोघंही त्याला आपल्या पदरचं तिखट-मीठ लावत आणि समोरून लगेच हरकत येई. तासभर नियम पाळायचा प्रयत्न करून दोघं दमली. पण जाताना अवंतिका दारात घुटमळली आणि म्हणाली की गेल्या दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नाही.

"मग घरात बोलता कसं?" इंदूताईंनी विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"समृद्धी सांगते ना."

दुसऱ्या बैठकीला इंदूताईंनी मावशीला बोलावून घेऊन मुलीला तिच्याजवळ घरीच ठेवायला सांगितलं. त्यांनी ना दौऱ्याचा विषय काढला, ना कॉलेजचा. त्या यशोधनकडे वळून म्हणाल्या, "समृद्धीनं तुम्हाला मम्मीचा शेवटचा निरोप काय दिला, ते सांगा. जसा दिला तसाच."

तो थोडा विचारात पडला. "रविवारी दिला. म्हणाली, मम्मीचं डोकं दुखून राहिलं, तुम्ही आज बाहेर जेवून घ्या. उद्या ती तुमच्या आवडीचे पोहे करणार आहे."

अवंतिकानं मान वर केली. "मी असं म्हटलंच नाही."

"काय म्हटलं होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "मी म्हटलं होतं, सांग त्याला, यापुढे या घरात त्याच्यासाठी चूल पेटणार नाही."

इंदूताईंनी पुन्हा यशोधनकडे बघितलं. "आणि तुम्ही उलट काय पाठवलं?"

"मी..." त्यानं तोंडावर हात धरला.

"हात खाली घ्या. त्यांना तुमचं तोंड दिसू द्या."

"मी म्हटलं, तिच्या हातचं खायची मलाही हौस नाही, सांग तिला."

"मला तिनं बामची डबी आणून दिली," अवंतिका म्हणाली. "म्हणाली, पप्पांनी दिली, लाव आणि पडून राहा. माझं डोकं दुखत नव्हतं, यश. तरी मी तो बाम लावला. मला वाटलं, तूच दिलास."

यशोधननं तिच्याकडे बघितलं. नियमाची कोणी आठवण करून दिली नव्हती, तरी तो हळूहळू म्हणाला, "तुला वाटलं, बाम मी दिला."

"हो."

"मी नव्हता दिला."

मग ती दोघं कितीतरी निरोप काढत बसली. दिवाळीचा, गॅसच्या सिलिंडरचा, आजोबांच्या आजारपणाचा. प्रत्येक वेळी एकानं धोंडा पाठवलेला निघे आणि दुसऱ्याला फूल मिळालेलं. दोन वर्षं त्या घरात जो काही गोडवा उरला होता तो सगळा एका पोरीनं आपल्या पदरचा घातला होता. डबीर वकिलांनी चष्मा काढला तो पुष्कळ वेळ पुन्हा लावला नाही.

शेवटी इंदूताई म्हणाल्या, "आता तिला विचारणार आहेत, तुला कोण पाहिजे. आजवर तिनं तुमच्यापैकी एकालाही दुखवलं नाही. तेच तिला आता कोर्टात उभं राहून करायला लावायचं. काहून?"



क्षणभर डबीरांना वाटलं, संसार जुळतो आहे. तो जुळला नाही. दोघांनी घटस्फोटच घेतला, आणि इंदूताईंनी त्यांना अडवलं नाही. पण त्या दिवसापासून मुलगी कोणाची हा वाद राहिला नाही, तिचा आठवडा कसा जाईल एवढंच बोलणं राहिलं. शाळेचे दिवस आईकडे, शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारपर्यंत बापाकडे. त्यानं शेजारच्याच गल्लीत घर घ्यायचं. तो दौऱ्यावर असला की वार बदलून घ्यायचे, आणि तेही फोन करून, स्वतः.

इंदूताईंचा हट्ट होता की मुलीकडून निरोप पाठवायचा नाही, हेही करारात यावं. डबीर आधी म्हणाले, असलं कलम कोणी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच कलम त्यांनी अशा नेटक्या भाषेत लिहून आणलं, की वाचून इंदूताईंनी त्यांची पाठ थोपटली. ते काम आपल्याच्यानं कधी झालं नसतं, हे इंदूताईंना पक्कं ठाऊक होतं. न्यायाधीशांनी ते कलम दोनदा वाचलं, दोघांना समजलं आहे ना असं विचारलं आणि करार मंजूर केला. समृद्धीला आत बोलवायची गरज उरली नाही.

दोघांनी मिळून तिला सांगायचं, आणि केंद्रातच सांगायचं, असं ठरलं होतं. इंदूताईंनी त्या दिवशी दोन्ही खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी मांडल्या. समृद्धी शाळेच्या गणवेशात आली आणि सवयीनं दोघांच्या मधे उभी राहायला गेली, तर मधे जागाच नव्हती. ती समोर उभी राहिली. आईनं सांगितलं, बापानं सांगितलं, दोघं कुठं राहणार आणि ती कधी कुठं असेल. मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अच्छा," ती बापाला म्हणाली. "तो मैं मम्मी को बोलू की..."

"मम्मीला मी सांगितलं आहे."

"मग मम्मी काय बोलली?"

"मी हो म्हटलं," अवंतिका म्हणाली. "त्यालाच म्हटलं. समोर बसून."

समृद्धीनं आधी एकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्याच्या, दोन्हीकडचं नीट जुळतं आहे का हे तपासावं तसं. तिच्या खांद्यावर दप्तर होतं, ते तिनं काढून खाली ठेवलं.

"मग मी काय करू?"

अवंतिका म्हणाली, "काही नाही. खेळायला जा."

ती गेली. खिडकीतून अंगण दिसत होतं. पायऱ्यांवरून उतरताना तिनं शेवटच्या तीन पायऱ्या सोडून दिल्या आणि उडी मारली. मग परत वर चढली आणि पुन्हा मारली. आईबाप बाहेर पडले ते दप्तर कोणी उचलायचं यावरून बोलत, आणि ते बोलणं सरळ एकमेकांशी चाललं होतं.

खोलीत डबीर आणि इंदूताई राहिले. इंदूताईंनी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले आणि बोटं पसरून जोरजोरात हलवायला लागल्या.

डबीर घाबरले. "काय झालं, ताई?"

"टाळ्या," इंदूताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "आमच्या पोरांच्या टाळ्या अशाच असतात. कानांना नाही, डोळ्यांना दिसाव्या लागतात."

डबीर वकिलांनी पेन खाली ठेवलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि एक हात वर करून रिक्षा थांबवावी तसा हलवला.

"दोन्ही हात, डबीर जी," इंदूताई म्हणाल्या. "लाजून काहून राहिले? केस तुम्हीपण जिंकली."

मग डबीरांनी दोन्ही हात वर केले.