कासवाला नको असलेले नाना

आपल्याच घरात चोरासारखं चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की नाना पुढच्या दारात चपला काढून हातात घ्यायचे आणि भिंतीच्या कडेकडेनं, चवड्यांवर, मागच्या खोलीत जायचे. देह म्हणाल तर चांगला दांडगा. आवाज तर विचारूच नका. धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. भोंगा बंद पडला तरी 'शिरपूर गाडी फलाटावर लागत आहे' हे पांझरेच्या पुलापर्यंत ऐकू जाईल, असं ड्रायव्हर मंडळी म्हणत. असा माणूस घरी बायकोशीसुद्धा कुजबुजत बोलायचा. कारण मागच्या अंगणात एक कासव होतं, आणि ते नानांना भ्यायचं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही नानांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो, तेव्हा कासव म्हणजे घराचं भूषण होतं. मागं सिमेंटचा हौद, हौदात वीतभर पाणी, मधोमध एक वीट आणि विटेवर कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांची चांदण्यांसारखी नक्षी. नानांच्या एका मित्रानं ते सातपुड्याच्या पायथ्याकडून आणून दिलेलं. कासव पाण्यात राहतं, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल, म्हणून हौद. ते सदान्‌कदा विटेवर चढून बसायचं, म्हणून गल्लीतल्या बायका त्याला देव म्हणायच्या. विटेवर दुसरं कोण उभं असतं? एकादशीला त्याच्यापुढं तुळशीचं पान ठेवून हात जोडले जायचे. मीही जोडलेत.

नाना तर त्याची सेवाच करत. दर सोमवारी सकाळी कपड्यांच्या ब्रशनं पाठ, पोट, पाय सगळं खसाखसा घासायचं, मग खोबरेल चोळायचं, वर हळदकुंकू. फैजपूरच्या बहिणीकडून केळी यायची, ती पोळीत कुस्करून त्याच्यापुढं ठेवायची. "केळीच्या मुलखातलं कासव, केळं नाही खाणार तर काय खाणार?" नानांचा हात लागला की ते फस्स करून डोकं आत ओढून घ्यायचं. नाना कौतुकानं म्हणायचे, "लाजतंय."

मग एका उन्हाळ्यात हौदाला चीर गेली. पाणी गळून गेलं. लग्नसराईत गवंडी मिळेना, म्हणून कासवाला तात्पुरतं अंगणात सोडलं. रविवारची सकाळ होती, सगळी गल्ली टीव्हीपुढं बसलेली. नानांच्या पत्नी माई, त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, इकडं या. तुम्हीपण या गं." आम्ही खिडकीतून पाहिलं. कासव चाललं होतं. पोट जमिनीवरून उचलून, चारही पाय ताठ करून, पाठमोरं, तुळशीपाशी पडलेल्या उन्हाकडं निघालं होतं. कासव घाईत असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. उन्हात पोचलं आणि फरशीच्या फटीतली घोळीची भाजी कराकरा तोडायला लागलं.

नानांनी खिडकीचे गज धरले होते. "हे चालतं?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मग हे विटेवर कशाला बसायचं?"

उत्तर त्यांचं त्यांनाच कळलं होतं. तरी टोपलीत घालून सायकलवरून त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सरळ माणूस. "मला म्हशीचं विचारा नाना, हे आमच्या अभ्यासात नाही," म्हणाले. पण त्यांनी कासव उलटं करून पाहिलं. पोटाकडचं कवच मऊ पडून पांढरं झालेलं, एका बाजूला कुजत चाललेलं. "पायाच्या बोटांना पडदे कुठं आहेत याच्या? खांबासारखे पाय. हे जमिनीवरचं जनावर. पाण्यात किती दिवस होतं?" नानांनी कासव सुलटं करून टोपलीत ठेवलं.

नानांची एक तऱ्हा होती. स्टँडवरची त्यांची मराठी अगदी छापील. पण मनाला लागलं की ते थेट अहिराणीत शिरत. त्या दिवशी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "दर सोमवारले मी त्याना पाय घासू, ताई. आनि माले दिसनं नही!" मी आपलं सांत्वन करायला म्हटलं, सगळी गल्ली त्याला देव म्हणायची, तुमची एकट्याची काय चूक? तर ते जवळजवळ ओरडलेच, "तेच तर! एकदाव देव म्हनं का मानूस इचारनं बंद करी देस." त्या दिवसापासून त्या घरात कासवाला देव म्हणायची बंदी झाली. हळदकुंकवाची तर झालीच.

मग नानांनी जे काही आरंभलं त्याला गल्ली वेड म्हणायची. अर्ध्या अंगणाची शहाबादी फरशी उखडून काढली. चांगली घोटलेली फरशी. पण कासवाचे पाय तिच्यावर घसरतात म्हणे. माती आणि मुरूम आणून टाकला, त्यात दूर्वा, घोळ, तांदुळजा लावला. केळी-पोळी बंद. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसाचा पांढरा तुकडा आणून ठेवायचे, कवच घट्ट व्हावं म्हणून; पोपटाला देतात, तेव्हा यालाही चालेल असा त्यांचाच हिशेब, आणि कासव खरोखर तो कुरतडायचं. मे महिन्यातल्या उन्हासाठी फुटका रांजण आडवा करून सावली केली. पाण्याला उथळ परळ, त्यात त्याला हवं तेव्हा जाता येईल आणि, नाना बोट उगारून सांगत, "हवं तेव्हा बाहेर येता येईल." माई एकदा म्हणाल्या, "बरं झालं बाई, याला तरी ऊन मिळालं. मी मोरीचा दगड बदला म्हणून सांगतेय ते लग्न झाल्यापासून." दुसऱ्याच दिवशी मोरीला नवा दगड बसला. माईंनाच ओशाळल्यासारखं झालं. "अहो, मी गमतीनं म्हटलं," त्या म्हणत राहिल्या.

पाऊसकाळ सरेतो कवच पुष्कळ सावरलं. कासव खाऊ लागलं, हिंडू लागलं, माझ्या मुलीच्या हातून जास्वंदीची फुलं घेऊ लागलं. माई भाजी निवडायला बसल्या की त्यांच्या पदराशी येऊन थांबायचं. फक्त नाना आले की फस्स! डोकं आत, पाय आत, वर नुसता दगड.

नानांनी काय काय केलं नाही? चपला बदलल्या. साबण बदलला. तळहातावर दूर्वा घेऊन रविवारभर मातीत बसून राहिले. एकदा तर माईंचं लुगडं अंगावर पांघरून बसले. मी माईंच्या खिडकीतून पाहिलं आणि हसू आवरायला तोंडात पदर कोंबावा लागला. लुगड्यातून नानांचा हात बाहेर आला आणि कासव बंद झालं. माझं हसू तिथंच थांबलं, कारण नाना ते लुगडं हळूहळू घडी करत होते, आणि घडी काही केल्या जमत नव्हती.

"अहो, मुकं जनावर ते," मी म्हटलं, "त्याच्या काय लक्षात राहतंय? होईल सवय."

"मुकं शे ताई, येडं नही," नाना म्हणाले. "त्यानं काहीच चुकस नही."

चवड्यांवर चालणं सुरू झालं ते तेव्हापासून. जेवढं दिसणार नाही, ऐकू जाणार नाही, तेवढं करायचं. पहाटे कासव रांजणात असतानाच अंगण झाडून, चारा ठेवून, परळ भरून स्टँडवर निघून जायचं. सुट्टीच्या दिवशी घरात कोंडल्यासारखं बसायचं. मागच्या दारी जायची सोय नाही. मला राग यायचा. एका कासवासाठी माणसानं आपल्या घरात किती अंग चोरावं! मी तसं बोललेही.

मग एका दिवाळीनंतर ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, मी सगळं करून पाहिलं. माती झाली, ऊन झालं, चारा झाला. त्याना सुखमा आते एकच अडचण शे, ती म्हंजे मी."

त्यांची लेक लता शिरपूरला दिली होती. गावाबाहेर घर, मागं मोठं मोकळं परस, निवडुंगाचं कुंपण. कासव तिकडं द्यायचं नानांनी ठरवलं होतं. माई खूप रडल्या. "माझ्याजवळ तर येतं ना ते! माझा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या. एकाचं भलं करताना दुसरीवर अन्याय होतोय हे नानांना दिसत होतं, आणि तरी त्यांनी निर्णय बदलला नाही. मला वाटतं, माईंवरचा तो अन्यायही त्यांनी आपल्या खाती मांडूनच घेतला असेल.

शिरपूरला यायला माई नको म्हणाल्या, म्हणून गाडीत टोपली माझ्या मांडीवर. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. नाना तिथं बसले नाहीत. पुढं, ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले. वाटेत कंडक्टरनं त्यांना ओळखून मोठ्यानं हाक मारली, तर त्यांनी मागं टोपलीकडं पाहत त्याला हातानं गप्प केलं. लताच्या परसात कासव मीच सोडलं. नाना बाहेरच्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि आम्ही परतलो.

पुढं आमची बदली जळगावला झाली. निघण्याआधी नाना म्हणाले, "शिरपूरला एक चक्कर टाकायची का, ताई?" पावसाळा संपत आला होता. घरापाशी पोचल्यावर ते आत शिरेनात. कुंपणाला वळसा घालून मागच्या पायवाटेला गेले, निवडुंगातली एक फट हेरली आणि वाकून पाहू लागले. मीही पाहिलं. कासव परसात पेरूच्या झाडाखाली होतं. अंगानं भरलेलं, पाठ तकतकीत. वरच्या झुडपाचं एक कोवळं पान त्याला हवं होतं, आणि त्यासाठी त्यानं पुढचे पाय एका दगडावर टेकून मान ताणली होती. वर, आणखी वर.

लतानं आतून हाक मारली, "नाना, अहो तिकडं काय करताय? घरात या ना!" नानांनी वळून न पाहता मागं हात करून तिला थांबवलं. कासवानं पान तोडलं, डोळे मिटून चावलं, आणि पुन्हा मान लांब केली.

"ताई," नाना अगदी हळू म्हणाले, "त्यानी मान कितली लांब शे! माले ठावच नव्हतं."